फिल्टरची खालची बाजू

१

दर रविवारी सकाळी काहीतरी उघडून, पुसून, परत बंद केल्याशिवाय रबरशेठना चहा गोड लागत नसे. एका मोठ्या शीतगृहाच्या दारांना रबरी पट्ट्या बसवण्यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली होती. तिथल्याच कुणीतरी हे नाव ठेवलं. नोकरी सुटली, नाव काही सुटलं नाही. शेठपणा म्हणाल तर नावापुरताच. एक बैठं घर, पुढे गाडी उभी राहील एवढं अंगण, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली जुनी पांढरी गाडी आणि बायको.

बायकोला सगळे बाई म्हणत. पोहण्याच्या तलावावर त्या तीस वर्षं मुलांना पोहायला शिकवत होत्या. पोरं बाई म्हणत, पोरांचे आईबाप बाई म्हणत, आणि ऐकून ऐकून नवराही घरात बाईच म्हणायला लागला होता.

त्या रविवारी पाळी आली गाडीच्या एसी फिल्टरची. काम अगदी सोपं. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा कप्पा दोन्ही अंगांनी दाबून खाली सोडायचा, मागचं झाकण काढायचं आणि फिल्टर ड्रॉवरसारखा ओढून घ्यायचा. घड्या घातलेल्या कागदाची वहीएवढी चौकट असते ती. बाहेरची हवा वरून येते, त्यातून गाळली जाऊन खाली उतरते आणि जाळ्यांमधून माणसांच्या तोंडावर येते. हवा कुठून कुठे जाते ते कळावं म्हणून कडेला बाण छापलेला असतो. सगळा कचरा अडतो वर, त्यामुळे वरची बाजू काळी होते आणि खालची पांढरी राहते. हे सांगायला रबरशेठच कशाला हवेत, कुणीही सांगेल.

त्यांनी फिल्टर ओढून काढला आणि पायऱ्यांवरच्या उन्हात धरला. वरची बाजू नव्यासारखी पांढरी होती. त्यांनी तो उलटा केला. खालची बाजू काळी होती.

"आधीच्या मालकाची करामत," ते स्वतःशीच म्हणाले. "आधी उलटा बसवला असणार. मग कुणा शहाण्यानं काढून सुलटा केला असणार."

हे पटण्यासारखं होतं. ते त्यांना पटलंही. फक्त त्या काळ्यावरून बोट फिरवलं तेव्हा लागलं ते धुळीसारखं कोरडं नव्हतं. ओलसर होतं, आणि कोमट. गाडी कालपासून जागची हललेली नव्हती. त्यांनी बोट नाकाशी नेलं. तलावाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास आला.

"अहो, फूल आहे का ते, हुंगत बसलात?" बाई दारातून म्हणाल्या. "आणि तेच हात घेऊन स्वयंपाकघरात येऊ नका."

बाई ओल्या केसांनी गाडीत बसतात, म्हणून वास. रबरशेठनी तेही पटवून घेतलं.

२

बाईंचा श्वास हा त्या घरातला अभिमानाचा विषय होता. दरवर्षी एकदा तलावावरच्या सगळ्या शिक्षकांची परीक्षा होई. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पंचवीस मीटर, पाण्याखालून, एका दमात. मध्ये डोकं वर आलं की नापास. नापास झालेल्या शिक्षकाला काढून टाकत नसत, पुढच्या दारातल्या तिकिटाच्या खिडकीत बसवत. बाईंनी ही परीक्षा तीस वेळा दिली होती आणि तीसही वेळा पलीकडे पोचून वर, "आता पुढचा कोण?" असं विचारलं होतं.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं. दीड-दोन महिन्यांपासून घरच्या चार पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं, आणि फुप्फुसं ठणठणीत आहेत म्हणाले. मग चष्मा पुसत "वय" असा एकच शब्द बोलले. सरावात बाई आधी वीस मीटरवर वर आल्या, मग अठरावर, मग पंधरावर. परीक्षा येत्या शनिवारी सकाळी दहाला होती.

"तिकिटं फाडत बसायचं मी?" त्या रविवारी दुपारी त्या म्हणाल्या. "पाण्याकडे पाठ करून? मागे पोरं उड्या मारताहेत ते नुसतं ऐकायचं?"

"अगं, एवढ्यात कुठे..."

"तुम्ही मला समजावू नका. समजावलं की मला जास्त भीती वाटते."

बायकोचं दुःख बघवत नाही आणि करता तर काही येत नाही, अशा वेळी रबरशेठ हातातलं काम जास्त नीट करत. नवा फिल्टर त्यांनी आणलाच होता. खाचेत तो किंचित सैल बसत होता, म्हणून चारी कडांना फोमची पट्टी चिकटवली. मग शीतगृहात दर दाराला घ्यायचे तीच परीक्षा घेतली: कडेत कागदाची चिटोरी घालायची आणि ओढून बघायची. अलगद निघाली तर फट आहे, अडली तर दार पक्कं. चिटोरी फाटली पण निघाली नाही. बाण खाली, कागद पांढरा, झाकण बंद. निदान एक गोष्ट तरी आज नीट झाली म्हणून त्यांना जरा बरं वाटलं.

३

बुधवारी त्यांनी परत कप्पा उघडला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोक्यात किडा वळवळत होता एवढं खरं.

तीन दिवसांचा फिल्टर. वरून पांढरा, खालून काळा.

या वेळी आधीच्या मालकावर ढकलता येत नव्हतं. रबरशेठ पायरीवर बसले आणि कारणं शोधायला लागले. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं राहिलं असेल? पण तेव्हाही हवा वरूनच शिरते. पंखा उलटा फिरत असेल? मग जाळ्यांतून वारा आलाच नसता, आणि काल चांगला येत होता. बुरशी? बुरशीला तीन दिवस पुरतील, पण ती एकाच अंगाला, कडेपासून कडेपर्यंत इतकी सारखी, रंगाचा हात दिल्यासारखी धरेल? एकेक कारण उभं राहायचं आणि आपलं आपणच खाली बसायचं.

शेवटी त्यांनी एक कागदी रुमाल घेतला आणि गाडीत जाऊन बसले. इंजिन बंद. किल्ली खिशात. काचा वर. त्यांनी रुमालाचं टोक चिमटीत धरून तो मधल्या जाळीसमोर लोंबता सोडला.

रुमाल स्थिर राहिला. मग तो हळूच जाळीकडे झुकला आणि तिला चिकटला.

थोड्या वेळानं सुटला. मग परत चिकटला.

रबरशेठनी बाहेर पाहिलं. अंगणातल्या झाडाचं पानही हलत नव्हतं. ते मोजायला लागले. चिकटायला तीन आकडे, सुटायला चार. परत तीन, परत चार. असा हिशोब त्यांच्या ओळखीचा होता. गेली अठ्ठावीस वर्षं बाई त्यांच्या शेजारी झोपत होत्या, आणि झोप लागली नाही की ते हाच हिशोब ऐकत पडून राहायचे.

त्यांनी रुमाल सोडून दिला. तो खाली पडला नाही.

४

"अगं, जरा बाहेर ये," त्यांनी हाक मारली. "उन्हात बस. बरं वाटेल."

बाई येऊन पायरीवर बसल्या. पोहायच्या चष्म्याचा पट्टा सैल झाला होता, तो बदलत होत्या. गाडीचं दार उघडं होतं. रबरशेठ आत ओणवे होऊन फिल्टर काढत होते. मध्ये दहा पावलांचं अंतर असेल नसेल.

रिकाम्या खाचेत त्यांनी हात घातला, तळवा वर करून. टॉर्चच्या उजेडात वरची प्लास्टिकची पोकळी दिसत होती, तिच्यापलीकडे काळोख. तिथून बाहेरचा उजेड दिसायला हवा होता, कारण ती वाट सरळ पुढच्या काचेखालच्या बाहेरच्या जाळीपर्यंत जाते. दिसत नव्हता. तळव्यावर गार वाटायला लागलं. ओलसर कातडीवरून हवा सरकली की वाटतं तसं. हवा वर चालली होती. हातावरचे केस तिकडे कलले.

मग आतून खोकला आला.

छोटा, कोरडा, दोन ठसक्यांचा. रबरशेठनी झटकन हात काढून घेतला. आणि मागून, पायरीवरून, बाई खोकल्या. दोन ठसके, अगदी तसेच.

"गार पाणी पिऊ नकोस म्हटलं होतं," ते म्हणाले. आवाज आपलाच आहे का याची त्यांना खात्री नव्हती.

"कुठे प्याले?"

हा योगायोग असू शकतो, त्यांनी स्वतःला बजावलं. आवाज आधी आला की नंतर, हे घाबरलेल्या माणसाला नीट कळत नाही. मग सोक्षमोक्ष लावायचा एकच मार्ग होता.

"बाई, जरा श्वास रोखून धर बघू. सरावातल्यासारखा."

"आता? इथे?"

"धर गं."

बाईंनी चष्मा मांडीवर ठेवला, हवा भरली आणि ओठ घट्ट मिटले. रबरशेठनी हात परत आत घातला. बाईंचा श्वास थांबला होता, तेव्हा आतलंही थांबेल असं त्यांना वाटलं होतं. ते थांबलं नाही. हवा वर ओढली जायला लागली, एकसारखी, न सोडता. त्यांच्या बाहीचं टोक फडफडून वर गेलं. बोटांत दुखायला लागलं. आणि मागे बाई वीस आकडे व्हायच्या आत हाऽऽ करून मोकळ्या झाल्या.

"गेला," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी सोडला नाही हो. कुणीतरी ओढून घेतल्यासारखा गेला."

रबरशेठनी घाईघाईनं काळा फिल्टर परत खाचेत कोंबला. काळा तर काळा, पण मध्ये काहीतरी असावं. गाडी विकून टाकावी, हा विचार आधी आला. पण बाई काही गाडीत बसल्या नव्हत्या, पायरीवर होत्या. जे दहा पावलांवरून पोचतं ते दहा मैलांवरून पोचणार नाही कशावरून? आणि गाडी डोळ्यांपुढून गेली म्हणजे ती वाट बुजवायची सोयही गेली.

ते काय आहे, हे त्यांना कळलं नव्हतं. फट कुठे आहे, एवढं मात्र कळलं होतं. आणि फट म्हटली की रबरशेठचं डोकं चालायला लागायचं.

५

गुरुवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून शीतगृहाच्या जुन्या दाराचा तुकडा काढला. ही असली अडगळ कशाला ठेवता म्हणून बाईंनी त्यावरून किती वेळा तोंड सोडलं होतं. दोन पत्रे, मध्ये कडक फोम. हवेला त्यातून जायची सोय नाही. तो त्यांनी फिल्टरच्या मापाचा कापला, कडा कानसेनं घासल्या आणि भोवती पातळ कडेची रबरी पट्टी बसवली. समोरच्या अंगाला एक छोटी मूठही लावली. दार म्हटलं की मूठ लागतेच, ही त्यांच्या हाताची सवय.

फिल्टरच्या खाचेत त्यांनी चिमुकलं दारच सरकवलं. शेवटच्या बोटभर अंतरावर ते अडलं, आणि मग दाबल्याबरोबर थप आवाज करून बसलं. तेहेतीस वर्षं ऐकलेला आवाज. चिटोरी घालून पाहिली, चारही बाजूंनी अडली.

शुक्रवारी सकाळी बाई सरावाला गेल्या आणि नऊ मीटरवर वर आल्या.

घरी आल्या त्या भिंत धरून. ओठांना रंग नव्हता. पलंगावर बसल्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून नुसत्या श्वास घेत राहिल्या. एकेका श्वासासाठी एवढं खपताना रबरशेठनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते तडक गाडीत गेले. मूठ धरून दार बाहेर ओढलं तर पट्टीच्या कडेनं चारही बाजूंना एक बारीक काळी रेघ. ओली. आणि ती वरच्या अंगाला गेलेली.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

रबरी पट्टीची कड एकाच बाजूला झुकलेली असते. त्या बाजूनं हवा रेटली की कड जास्तच घट्ट बसते. उलट्या बाजूनं रेटली की ती उचलली जाते आणि वाट देते. आयुष्यभर रबरशेठनी एकच काम केलं होतं: बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. हाताला तेच वळण. त्यांनी कड बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवली होती. पण इथे बाहेरून काही येतच नव्हतं, आतून जात होतं. त्यांनी ती वाट बंद केली नव्हती, बारीक केली होती. पाण्याच्या नळीवर अंगठा ठेवला की धार कमी होत नाही, जोरात उडते.

"तेहेतीस वर्षं," ते दातओठ खात म्हणाले. "तेहेतीस वर्षं, आणि घरच्या दाराला पट्टी उलटी!"

६

पट्टी उलटून बसवायला तासभर लागला. तेवढ्यानं भागणार नव्हतं. या वेळी त्यांनी चारही कडांना सिलिकॉनही भरलं, बोट ओलं करून एकसारखं दाबलं. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. नळीवर छापलेलं होतं की पक्कं व्हायला चोवीस तास लागतात. शनिवारी दहापर्यंत होत होते अठरा. रबरशेठनी हा हिशोब तीन वेळा केला. एकदाही चोवीस आले नाहीत.

मग त्यांनी आत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. रुमालाचं, खोकल्याचं, पट्टीचं. सांगताना ते बायकोकडे न बघता स्वतःच्या बोटांवरचं वाळलेलं सिलिकॉन सोलत होते. आता ही हसेल, नाहीतर डॉक्टरकडे आपल्यालाच नेईल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

बाई हसल्या नाहीत.

"पाण्याखाली गेलं ना," त्या म्हणाल्या, "की वरून कुणीतरी नळी लावल्यासारखं वाटतं. मी हवा भरून घेते आणि ती माझी राहत नाही. मला वाटलं, म्हातारं होणं म्हणतात ते हेच."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"परीक्षा पुढे ढकलायला सांग," रबरशेठ म्हणाले. "एक दिवस. बरं नाही म्हणावं. तेवढ्यात पक्कं होईल."

"शनिवारी जो पाण्यात उतरत नाही तो सोमवारी खिडकीत बसतो. गेल्या वर्षी माझ्या बरोबरीच्या मास्तरांचं तसंच झालं ना." बाई उठल्या. भिंतीचा आधार न घेता उठायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तो जमला. "गाडी तिथेच आणा, भिंतीला लावा. तुम्ही तुमचं धरा, मी माझं धरते."

७

तलावाच्या मागच्या भिंतीला लागून गाड्या उभ्या करायची जागा होती. रबरशेठनी गाडी भिंतीला खेटून लावली. भिंतीच्या वरच्या झरोक्यांतून पाण्याचा वास आणि पोरांचा गलका येत होता. बाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"येते," त्या म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्यासारख्या.

रबरशेठ शेजारच्या सीटवर सरकले, कप्पा खाली सोडला आणि झाकण काढून बाजूला ठेवलं. चिमुकलं दार जागच्या जागी होतं. सिलिकॉनला बोट लावून पाहिलं. वरून कोरडं, आतून अजून मऊ. त्यांनी मूठ धरली आणि खाली दाबून ठेवली.

तलावाचा नियम त्यांना ठाऊक होता. माणूस पाण्याखाली असेपर्यंत काठावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. डोकं वर आलं की मग टाळ्या. शिट्टी वाजली. शांतता झाली. रबरशेठनी सत्तावीस मोजले आणि टाळ्या आल्या. दुसरी शिट्टी, तिसावर टाळ्या. तिसरा कुणीतरी मध्येच वर आला असावा, कारण टाळ्या आल्या नाहीत, नुसती हळहळ ऐकू आली.

चौथी शिट्टी वाजली आणि मुठीनं झटका दिला.

तो इतका जोरात होता की त्यांचं कोपर कप्प्याच्या कडेवर आपटलं. त्यांनी दुसरा हातही घातला आणि पाय खाली रोवून अंगाचा सगळा भार मुठीवर टाकला. दार वर ओढलं जात होतं. ताज्या सिलिकॉनमध्ये बारीक करकर झाली. गाडीच्या काचा आतून धुरकटायला लागल्या. दहा. अकरा. समोरच्या जाळीवर ठेवलेलं कागदाचं चिटोरं आत ओढलं जाऊन दिसेनासं झालं.

पंधरावर मागच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटलं. दार तिथून नखाएवढं उचललं गेलं, आणि रबरशेठना त्या फटीतून वर दिसलं.

काळोख नव्हता. ओठ होते. पाण्याखाली जाण्याआधी बाई तोंडाचा चंबू करून हवा भरतात, तसे पुढे काढलेले, ओले. लहानपणी तलावाच्या काठावर आपटून बाईंचा ओठ फुटला होता, त्याची बारीक रेघसुद्धा जिथल्या तिथे. फक्त सगळं उलटं होतं, वरचा ओठ खाली आणि खालचा वर. ते फटीच्या इतके जवळ आले होते की त्यांची ओल रबराला लागत होती.

रबरशेठची पाचावर धारण बसली. हात सुटायचेच बाकी होते. ते सुटले नाहीत, कारण त्याच क्षणी त्यांना भयंकर राग आला. आयुष्यात कुणावर आला नव्हता एवढा.

"तिचा आहे तो," ते ओरडले. "माझ्या बायकोचा आहे. तुला नाही मिळायचा!"

त्यांनी गुडघा वर घेऊन मुठीवर टेकवला आणि दार खाली रेटलं. उलटून बसवलेली पट्टी आता कामाला आली. वरून ओढ जितकी वाढत होती तितकी तिची कड जास्त घट्ट बसत होती. फट बारीक झाली, केसाएवढी झाली. वीस. पंचवीस. सत्तावीस. तीस.

टाळ्या आल्या नाहीत.

एकतीस. पस्तीस. भिंतीपलीकडे अजून शांतता होती. हळहळ नाही, टाळ्या नाहीत, पोराचा खोकलासुद्धा नाही. चाळीस. बाई तळाशी गेल्या असतील तर? काठावर सगळे नियम पाळत तोंडावर बोट ठेवून उभे असतील तर? भिंतीला वळसा घालून धावत पोचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण त्यासाठी मूठ सोडायला हवी होती. पंचेचाळीस. रबरशेठच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुम्ही तुमचं धरा, असं ती म्हणाली होती. मी माझं धरते, असंही म्हणाली होती. त्यांनी अठ्ठावीस वर्षं बायकोच्या शब्दावर भरवसा ठेवला होता, पण त्यावर एवढं काही अवलंबून असण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती.

त्यांनी धरून ठेवलं. पन्नास. साठ. आतून एक शेवटची ओढ आली. मूठ स्क्रूसकट उपटून निघेल असं त्यांना वाटलं. मग ती ओढ थरथरली, ढिली पडली आणि तुटली.

थप.

दार बसलं. आणि भिंतीपलीकडे एकदम आभाळ कोसळल्यासारखा गलका झाला. टाळ्या, शिट्ट्या, पोरांच्या आरोळ्या, पाण्यात धपाधप पडलेल्या उड्या. रबरशेठनी कपाळ डॅशबोर्डवर टेकवलं आणि मोठ्यानं हसायला लागले. हसता हसता खिशातून चिटोरी काढली, मागच्या कोपऱ्यात घातली आणि ओढली. ती फाटली, निघाली नाही. जिंकलो, ते म्हणाले. त्या बंद गाडीत ऐकायला कुणी नव्हतं तरी त्यांनी ते दोनदा म्हटलं.

८

बाई आल्या त्या चपला हातात घेऊन, अनवाणी. केसांतून पाणी गळत होतं. गाल लाल झाले होते. दोन महिन्यांत त्या गालांना रंग कसला तो नव्हता. मागे फाटकापर्यंत दहा-बारा पोरं त्यांना पोचवायला आली होती आणि अजून ओरडत होती.

बाईंनी गाडीचं दार उघडलं. खाली सोडलेला कप्पा बघितला, मूठ बघितली, नवऱ्याच्या कोपरावरचं रक्त बघितलं. मग ओल्या पदरानं ते कोपर पुसलं.

"झालं?" रबरशेठनी विचारलं.

"झालं."

"अगं, मग एवढा वेळ काय करत होतीस? तीसला संपायला हवं होतं. मी साठाच्या पुढे मोजत गेलो. जीव गेला ना माझा इथे!"

"भिंतीला हात लावला," बाई म्हणाल्या, "आणि वळून परत आले."

"परत? खालूनच? डोकं वर न काढता?"

"हो."

"पण कशाला? परीक्षा तर एकाच फेरीची होती."

बाईंनी एक खोल श्वास घेतला. सावकाश, पोटापासून, हिशोब न ठेवता. तो कुठेही अडला नाही, कुणी ओढला नाही. तो त्यांनी तेवढ्याच सावकाश सोडला आणि रबरशेठ त्यांच्याकडे बघतच राहिले.

"उरला होता," त्या म्हणाल्या. "टाकून कशाला द्यायचा?"